डाळीच्या गोदामातला विभागप्रमुख

रेणुकादासबद्दल मी सगळं चांगलंच लिहीन असं कुणी धरून चालू नये. चांगलं सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि तीच तर माझी तक्रार आहे. माणूस थोडा आगाऊ असता, कामचुकार असता, निदान सकाळी वेळेवर येत नसता, तरी मी त्याला मनातल्या मनात माफ करून टाकलं असतं. त्यानं माझी तेवढीही सोय ठेवली नाही.

आमची शाळा लातूरची, खाजगी, विनाअनुदानित. संस्थेचे अध्यक्ष अप्पा म्हणजे आडत बाजारातले जुने व्यापारी. कपाळाला भस्माचे ठसठशीत पट्टे, पांढरंशुभ्र धोतर, आणि बोलता बोलता तुरीचा दाणा चोळून बघावा तशी अंगठ्याची सवय. त्या शाळेत मी चित्रकलेची बाई, केस काळे होते तेव्हापासून. लातुरात चित्रकलेची बाई असणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे लेकरू रांगायला लागलं की त्याच्या डॉक्टर होण्याची बोलणी सुरू होतात. नववी उजाडली की चित्रकलेचा तास गणितवाल्यानं आणि विज्ञानवाल्यानं आपसात वाटून घ्यायचा. "बाई, आज तुमचा तास जरा मला द्या ना, पोर्शन राहिलाय," असं म्हणून सर आत शिरायचे आणि मी खडू ठेवून बाहेर यायची. न देऊन सांगते कुणाला?

इतक्या वर्षांत मी शाळेकडे तीनच गोष्टी मागितल्या. एक खोली, त्या खोलीत पाण्याचा नळ, आणि कुणी उचलून नेणार नाही असा तास. लेकरं ब्रश धुवायला संडासाशेजारच्या टाकीवर जायची आणि येताना निम्मी पटांगणातच रमायची. "बघू की बाई, पुढल्या साली," अप्पा म्हणायचे. पुढलं साल आलं की त्याच्याही पुढचं साल तयारच असायचं.

मग एकदा अप्पा पुण्याला नातीच्या शाळेत जाऊन आले. तिथं त्यांनी मातीकामाची चाकं बघितली, नाटकाचं स्टेज बघितलं, नाचासाठी आरसे लावलेली खोली बघितली. आल्या आल्या आम्हा सगळ्यांना बोलावून घेतलं. "आपल्याबी शाळंत कला वाढवायची. चित्र, नाटक, गाणं, समदं. आपली लेकरं काय कमी हायत का?" अप्पांनी असं म्हटल्यावर मला वाटलं, आली बाई एकदाची आपली वेळ. कला वाढवायची म्हणजे विभाग होणार, आणि विभाग होणार म्हणजे प्रमुख लागणार. शाळेत कलेचं माझ्याशिवाय होतं कोण? घरी जाऊन मी ह्यांना सांगितलं की दारावर पाटी लागणार, पितळी, 'कला विभागप्रमुख', आणि खाली माझं नाव. अक्षरलेखन हा माझा हातखंडा. पाटीवरची अक्षरं कुठल्या वळणाची असावीत ते मी कागदावर काढूनसुद्धा ठेवलं होतं. मला ती पाटी पाहिजे होती. उगीच आडपडदा कशाला ठेवू?

आणि महिन्याभरात रेणुकादास आला.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात साध्या चपला आणि खांद्याला कापडात गुंडाळलेलं संबळ. वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. घराणं माहूरचं, गोंधळ्यांचं. आजा आणि बाप लग्नाघरी गोंधळ घालायचे. पुढे बिऱ्हाड नायगावला आलं. हा डी.एड. झाला, वर नाट्यशास्त्राची पदवी घेतली, आणि कुणाच्या तरी ओळखीनं अप्पांसमोर येऊन उभा राहिला. अप्पांनी त्याला एक गोंधळाचं पद म्हणायला लावलं. म्हणून झाल्यावर डोळे पुसले आणि विभागप्रमुख करून टाकलं. माझी मुलाखत घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी तर तिथंच होते, रोजच्यासारखी, कपाटासारखी.

पहिल्या दिवशी तो आधी माझ्याकडे आला. चपला स्टाफरूमच्या दाराबाहेर काढून. "ताई, मी इथं नवीन हाय. तुमच्या भरवशावर येऊन राहिलो." हे 'येऊन राहिलो', 'करून राहिलो' आमच्या लातूरकडे कुणी बोलत नाही. तो गेल्यावर स्टाफरूममध्ये हशा पिकला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. पण 'ताई' म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी माझे हात बांधून ठेवले. मॅडम म्हणणाऱ्याशी भांडता येतं.

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून अप्पांचं जुनं डाळीचं गोदाम होतं. उंच, पत्र्याचं, जाड दगडी भिंतींचं. नवं गोदाम झाल्यापासून हे नुसतं कुलूप लावून पडलेलं. आम्ही सगळे रोज त्याच्यासमोरून जायचो. रेणुकादासनं एकदा किल्ली मागून घेतली, आत जाऊन टाळी वाजवली, थांबला, परत वाजवली. मग अप्पा आले तेव्हा त्यांना विचारतो, "अप्पा, हंगामात माल आला की तुम्ही रस्त्यावर उतरवता का?"

"रस्त्यावर कसा उतरवंल? गोदाम लागतंय की," अप्पा म्हणाले.

"मग मी लेकरं कुठं उतरवू?"

अप्पा खो खो हसले आणि गोदाम देऊन टाकलं. मी बाजूलाच उभी होते. इतकी वर्षं मी खोली मागताना 'पुरेसा उजेड', 'मोकळी हवा', 'शैक्षणिक वातावरण' असले शब्द वापरले होते. अर्जसुद्धा कसे, बघत राहावं असल्या अक्षरात. आणि ह्यानं दोन प्रश्न विचारून आख्खं गोदाम खिशात घातलं. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. बाईमाणसानं मागितलं की बजेट नसतं, आणि पुरुषानं नुसतं विचारलं तरी किल्ली निघते, असं मी त्या दिवशी ज्याला त्याला सांगत सुटले. ते खोटं होतं असं मला आजही वाटत नाही. पण तेवढंच खरं होतं असंही नाही.

पुढच्याच आठवड्यात गोदामाच्या कडेला सिमेंटचा लांब कट्टा बांधायला घेतला आणि त्यावर ओळीनं नळ बसायला लागले. मी प्लंबरला विचारलं, हे कुणी सांगितलं? तो म्हणाला, "सरांनी. म्हणले, ताईंला पाहिजेत." दुसरी कुणी असती तर तिला भरून आलं असतं. मी घरी गेले आणि आमटीत मीठ जास्त झालं ह्यावरून ह्यांच्याशी कडाकडा भांडले. आमटी मीच केली होती. हे शांतपणे जेवत म्हणाले, "तू त्या रेणुकादासाबद्दल जेवढं बोलतीस तेवढं इतक्या वर्षांत माझ्याबद्दल बोलली न्हाईस."

गोदामाच्या दारावर रेणुकादासच्या नावाची पाटी लागली. प्लास्टिकची. कॉम्प्युटरवर काढलेली बेढब अक्षरं, त्यात 'विभागप्रमुख'मधला 'प्र' तर अगदी पोट सुटलेला. रेणुकादासनं मला नेऊन दाखवली. "ताई, बरी हाय का?" मी म्हणाले, छान आहे.

त्याच्या सवयी सांगायच्या तर पहिली ही, की तो कुठल्याच लेकराच्या कामाला 'छान' म्हणायचा नाही. चित्र असो, नाच असो, नाटकातलं एक वाक्य असो, तो टक लावून बघायचा आणि म्हणायचा, "अजून एकदा दाखव." बस्स. मी प्रत्येक वहीवर छान, अतिछान, चांदणी, दोन चांदण्या देत आले होते. माझ्या चांदण्या घरी जाऊन कोपऱ्यात पडायच्या. आणि ह्याच्या 'अजून एकदा'साठी पोरं मधली सुट्टी सोडून गोदामाच्या दारात उभी. त्याला चहा बशीत ओतून प्यायची सवय होती, आणि निम्मी बशी शेजारच्यापुढे सरकवायची. घेतली नाही तर वाईट वाटून घ्यायचा नाही, घेतली तर आभाराचीही वाट बघायचा नाही. मी कधी घेतली नाही.

दुसरी सवय हजेरीची. आम्ही हजर लेकरांची नावं घेतो. तो जी आली नाहीत त्यांची घ्यायचा. गोंधळात म्हणे आधी लांबलांबच्या देवांना नाव घेऊन बोलावतात, मगच पुढचं सुरू होतं. "आलेल्याला कशाला बोलवायचं? तो तर बसून राहिला ना समोर," असं त्याचं म्हणणं. तेव्हा गोदामात तास सुरू होताना हा संबळावर बोटं टेकवायचा, न आलेल्या पोराचं नाव घ्यायचा, आणि सगळी पोरं एका सुरात म्हणायची, "ये." तापानं घरी पडलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी कळायचं की आपल्याला काल बोलावलं होतं. त्याची छाती फुगायची. एकदा मला मलेरिया झाला. चार दिवस शाळेत गेले नाही. परत आले तर सहावीतली एक चिमुरडी म्हणते, "बाई, आम्ही तुम्हाला रोज बोलावलं. तुम्ही आलाच नाहीत." मी तिला जवळ घेतलं आणि त्याच क्षणी मला रागही आला. एवढी वर्षं त्या शाळेत काढली, पण मी नाही म्हणून कुणी माझं नाव घेतल्याचं मला तोवर कधी ऐकू आलं नव्हतं. आणि ते घ्यायला लावलं कुणी, तर ह्यानं.

त्याला एक गोष्ट मात्र येत नव्हती, आणि ती कळल्यावर मी आठवडाभर खुशीत होते. त्याला चित्र काढता येत नव्हतं. फळ्यावर गाय काढायला गेला तर झोपायची बाज निघाली. मी ते स्टाफरूममध्ये रंगवून रंगवून सांगितलं. पण हा पठ्ठ्या स्वतःच वर्गावर्गात सांगत फिरला, "चित्रातलं काय बी असंल तर ताईंला विचारा. मी गाय काढतो तर बाज होती." संपली माझी मजा. जो माणूस स्वतःचं हसं स्वतःच करून घेतो, त्याच्यावर हसणाऱ्यानं जायचं कुठं?

आता माझ्या माणसांची गोष्ट सांगायला हवी. चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षा असतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. त्यांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, म्हणून तर पालक मला जिवंत ठेवतात. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. विषय आयत्या वेळी कळतो आणि चित्र मनानं काढायचं. आता मनानं काढायला सवड कुणाच्या लेकराला आहे? म्हणून आम्ही चित्रकलेचे शिक्षक मुलांकडून काही माणसं पाठ करून घेतो. माझी चार होती. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई, छत्रीवाला म्हातारा, फुगेवाला आणि पाठमोरा शाळकरी मुलगा. विषय 'बाजार' आला तर त्यांना बाजारात उभं करायचं, 'जत्रा' आली तर जत्रेत, 'एस.टी. स्टँड' आलं तर फलाटावर. ही रीत माझी एकटीची नाही. निलंग्याच्या सरांचा एक कुत्रा होता, उदगीरच्या बाईंची सायकल होती; पेपर बघितला की पोरगं कुणाचं ते आम्ही ओळखायचो. एका वर्षी विषय आला 'लग्नाची पंगत'. माझ्या पोरांनी भर मांडवात, जेवणाऱ्यांच्या मधोमध, छत्री उघडलेला म्हातारा उभा केला. तरी श्रेणी मिळाली.

परीक्षा जवळ आली होती. सरावाची चित्रं गोदामात दोरीवर वाळत घातलेली. रेणुकादास त्यांच्याखाली उभा राहून बराच वेळ बघत होता. मग मला म्हणाला, "ताई, ही बाई कोण हाय?"

"कोण म्हणजे? बाई आहे. बाजाराला निघालीय."

"न्हाई, सगळ्यांच्याच चित्रात येऊन राहिली, म्हणून म्हटलं, तुमच्या वळखीची असंल."

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं. पण पोरं फिदीफिदी हसली आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग त्यानं श्रेयाला बोलावलं. श्रेया म्हणजे माझी सगळ्यांत तयारीची विद्यार्थिनी, तिची 'अ' श्रेणी मी गृहीतच धरलेली. "ह्या बाईसारखी उभी राहा बरं," तो म्हणाला. श्रेयानं घमेलं डोक्यावर घेतलं, चित्रातल्यासारखा कोपर वाकवला, मान तिरकी केली. घमेलं धाडकन खाली. दुसरी मुलगी आली, तिचंही पडलं. मग मुलगे आले. एकालाही माझ्या बाईसारखं उभं राहता येईना. "असं उभं राहताच येत नाही, सर," श्रेया म्हणाली. ती हे त्याला सांगत होती. मी तिथंच होते.

"मग खरी बाई कशी उभी राहत असंल?" त्यानं विचारलं. ते त्यालाही माहीत नव्हतं. रविवारी पोरं गंजगोलाईच्या बाजारात जाऊन बायकांकडे टकामका बघत बसली, सोमवारी गोदामात येऊन तशी उभी राहिली, चालली, घमेली आपटली, आणि मग काढायला बसली. मान ताठ, नजर समोर, पाठीला बारीक बाक. चित्रं वेडीवाकडी झाली होती. माझ्या बाईचा सफाईदार पदर कुठल्या कुठे गेला होता. पण प्रत्येक कागदावर निराळी बाई होती, आणि ती घाईत होती, हे दिसत होतं.

मी त्याला स्टाफरूममध्ये गाठलं. "परीक्षा तोंडावर आलीय. श्रेणी गेल्या तर पालक माझा गळा धरतील, तुमचा नाही."

"तसं झालं तर माझं नाव सांगा, ताई."

"नाव तुमचंच आहे की दारावर," मी म्हणाले.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला काहीतरी कळल्यासारखं वाटलं. बशी हातात तशीच, चहा निवत चाललेला. मला बरं वाटायला पाहिजे होतं.

निकाल लागला तो आजवरचा सगळ्यांत चांगला. अप्पांनी पेढे वाटले, आणि वाटता वाटता म्हणाले, "सरांनी जादू केली बगा." त्या पोरांच्या हातात पहिली पेन्सिल मी धरवली होती. त्यांच्या रंगांच्या पाण्यानं माझ्या किती साड्या वाया गेल्या आणि मी त्यांची बोटं एकेक करून कशी वळवली, ते मलाच माहीत. निकाल वाढला म्हणून तोंड कडू झालेली मराठवाड्यातली मी एकटीच चित्रकलेची बाई असेन. तेवढ्यात हा उभा राहिला आणि म्हणाला, "अप्पा, चित्रं ताईंची हायत. मी तर फक्त लेकरं उभी केली." झालं. सगळे माना डोलवायला लागले, काय नम्र माणूस, काय मोठं मन. त्याच्या नम्रतेचे गुणसुद्धा त्यालाच पडले.

त्या वर्षीच्या गॅदरिंगला सिनेमाची गाणी नव्हती. पोरांनी स्वतः रचलेलं नाटक होतं, गोंधळाच्या चालीचं, आणि त्यात चक्क क्लासला जाणाऱ्या एका पोराची थट्टा होती. आया खूश झाल्या, बापांची डोकी फिरली. पालकसभेत एक जण उठून म्हणाले, "आमच्या पोराला डॉक्टरकीची नीट परीक्षा द्यायची हाय. तिथं संबळ वाजवून नंबर लागत न्हाई." मागून 'बरोबर, बरोबर' झालं. संस्थेत कुजबुज सुरू झाली की नववी-दहावीचे कलेचे तास काढावेत, गोदामाची अभ्यासिका करावी, आणि मग विभागप्रमुखाचं तरी काय काम उरतं?

अप्पांनी मला त्यांच्या आडत दुकानात बोलावलं. गादीवर बसायला सांगितलं, ते आजवर कधी झालं नव्हतं. बाहेर तुरीची पोती उतरत होती. अप्पा म्हणाले, "बाई, तुम्ही जुन्या. घरच्याच म्हणा की. खरं सांगा, हे समदं ठिवायचं का बंद करायचं? तुमी म्हणाल तसं करतो."

एवढ्या वर्षांत मला कुणी विचारलं होतं ते हे पहिल्यांदा. मी नुसतं 'जड जातंय अप्पा' म्हटलं असतं तरी दारावरची ती पोट सुटलेली अक्षरं दुसऱ्या दिवशी खाली आली असती. हे मला सुचलं नाही असं मी म्हणणार नाही. सुचलं, आणि खडीसाखरेसारखं तोंडात घोळलं. पण बोलायला तोंड उघडलं तर आवाज भलताच निघाला. "अप्पा, आज दहावीचा तास काढाल, उद्या नववीचा, परवा आठवीचा. त्या नळांवर लेकरं जेवणाचे डबे धुतील आणि मी पुन्हा संडासाच्या टाकीवर ब्रश घेऊन उभी. मी नाही जाणार आता तिथं. ज्यांना डॉक्टर व्हायचं ते होतील, त्यांना माणूस कसा उभा राहतो एवढं तरी बघून जाऊ द्या. बंद करायचंच असेल तर आधी मला काढा." मी चांगलीच चढ्या आवाजात बोलले असणार, कारण हमाल पोती खांद्यावर घेऊन तसेच थांबले होते. रेणुकादासचं नाव मी एकदाही घेतलं नाही. मी त्याच्यासाठी बोलत नव्हते. मला माझं पाहिजे होतं, आणि ते त्याच्या गोदामात जाऊन बसलं होतं, त्याला मी काय करू?

अप्पांचा अंगठा बोटांवर फिरत राहिला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग." पुढच्या पालकसभेत त्यांनी स्वतः उभं राहून सगळ्यांना गप्प केलं.

शाळेत बातमी पसरली ती अशी की सरांनी अप्पांना पटवलं. पोरांनी रेणुकादासला खांद्यावर घेऊन पटांगणात मिरवलं. मी खिडकीतून बघत होते. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं सगळ्यांसमोर वाकून माझे पाय धरले असते, आणि ते तर मला अजिबातच सोसलं नसतं.

मग बरीच वर्षं अडकलेली शिक्षक भरती एकदाची झाली आणि रेणुकादासला जिल्हा परिषदेची ऑर्डर आली. नायगावजवळच्या खेड्यात, घराच्या जवळ, कायमची नोकरी. कुणीही गेलं असतं. निरोपाच्या दिवशी आख्खं गोदाम रडलं. श्रेया तर हमसून हमसून. ही श्रेया माझ्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर मी नव्हते, तर परत आल्यावर 'बाई, नवीन ब्रश आणले का?' एवढंच म्हणाली होती. मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात फिरवतानाही माझा जळफळाट होत होता. जाणाऱ्या माणसावर इतकं जळणं बरं दिसत नाही, हे मला कळत होतं.

प्रमुख मी झाले. पाटी लागली, पितळी, माझ्या नावाची, माझ्या अक्षरातली. येणारे-जाणारे थांबून बघतात. गोदाम माझं, नळ माझे, तास माझे, आणि ते तास उचलायची आता कुणाची छाती नाही. कला चांगली वाढली. मातीकामाची चाकं आली, नाटकाला वेगळी बाई आली. फक्त पहिल्या वर्षी पोरं दारात येऊन आत डोकावायची आणि विचारायची, सर सुट्टीत येणार का? मी 'छान' म्हणायचं सोडून बघितलं. मी गप्प बसले की लेकरांना वाटतं बाई रागावल्या.

ह्या हिवाळ्यात नांदेडला एका स्पर्धेची परीक्षक म्हणून गेले होते. येताना जीपवाल्याचं काम होतं म्हणून वळसा पडला आणि नायगाव लागलं. जीपवाल्याला मी म्हटलं, पाणी प्यायचंय, जरा आत घ्या. रेणुकादासची शाळा दोन खोल्यांची, पत्रे, पुढे लिंबाचं झाड. मनात इतकी वर्षं मी हिशेब घालून ठेवला होता की त्याला गोदाम मिळालं, त्याला अप्पा मिळाले, तो पुरुष होता, म्हणून ते सगळं झालं. इथं ह्यातलं काही नव्हतं. ढीगभर बारकी पोरं जमिनीवर, आणि एक चिटुकली पोरगी कमरेवर हात ठेवून त्याला झापत होती, "असा कोल्हा असतो का? नीट व्हा की, सर." रेणुकादास हातापायांवर आला होता आणि परत कोल्हा व्हायचा प्रयत्न करत होता. केस बरेच पिकलेले. पोरं पोट धरून हसत होती. मी दारात उभी होते, आणि माझ्या पोटात तेच जुनं दुखायला लागलं, जराही कमी न होता.

त्यानं मला बघितलं आणि गुडघे झटकत उठला. "ताई." मग पोरांकडे वळून, "ह्या माझ्या ताई. लातूरच्या मोठ्या शाळेत कलेच्या प्रमुख हायत." 'प्रमुख' हा शब्द त्यानं इतक्या आनंदानं उच्चारला की जणू पाटी त्याच्याच घराला लागली होती. मला त्याच्याबद्दल तो शब्द तसा कधी म्हणता आला नव्हता.

मी पोरांना विचारलं, "माझ्यासोबत चित्र काढायचं का?"

सगळ्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं.

"घ्या ताई तास," तो म्हणाला. "मी चहाचं बघून येतो." आणि पोरांकडे न बघता बाहेर गेला. मुद्दामच गेला.

मी खडू घेतला आणि बैल काढायला लागले. मी जन्मात काढलेल्या बैलांत तो सगळ्यांत चांगला बैल असेल. वशिंड, गळ्याखालची पोळी, पुढचा पाय उचलताना खांद्यात येणारा ताण, एका रेषेत. पोरं शहाण्यासारखी बघत होती. कुणी बोलत नव्हतं, कुणी खोडी काढत नव्हतं. तपासणीला साहेब आल्यावर मुलं बसतात तशी ती बसली होती.

मी शिंगापर्यंत आले तेव्हा बाहेर चहाच्या पेल्यांचा आवाज झाला. माझ्या पाठीमागे आख्ख्या वर्गात एकदम हालचाल उठली, खुसखुस, सरकासरकी, कुणीतरी कुणाला तरी ढकलून जागा करणं. त्या आवाजासाठी मी जन्मभर शिकवत आले. मी वळले नाही. शिंग पूर्ण करत राहिले.